गाडी घेऊन जाते, विषय संपला

२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार, खुशाली, तब्येतीची चौकशी हे सगळं शेवटी. आधी तुमच्या बंधुराजांचा प्रताप ऐका.

काल दुपारी खाली जाऊन पत्रपेटी उघडली. वीजबिल असेल म्हणून बघते तर पाकीट. वर माझं नाव, खाली आपल्याच घराचा नंबर आणि अक्षर ओळखीचं. अहो, इतकी वर्षं किराण्याच्या यादीवर तेच अक्षर बघतेय मी! उघडलं तर आत नोटीस. "आपण गच्चीवर ठेवलेल्या वस्तूंमुळे दुर्गंधी पसरत असून रहिवाशांना त्रास होत आहे. तरी सदर वस्तू वार्षिक सभेपूर्वी हलवाव्यात, अन्यथा त्यांची विल्हेवाट लावण्यात येईल. कळावे. सचिव." आणि खाली ती लफ्फेदार सही. एका घरात राहतो, एका किटलीतला चहा पितो, आणि हा माणूस जिना उतरून मला नोटीस टाकून येतो, जिना चढून वर येतो, हात धुतो आणि विचारतो, "जेवायला काय आहे?"

मी म्हटलं, "नोटीस आहे. वाढू?"

"सदर वस्तू" म्हणजे माझे तीन ड्रम. रंगाचे रिकामे ड्रम, अंगभर भोकं पाडलेले. आपल्या आणि खालच्या काही घरांतल्या साली, देठं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं त्यात जातात. ओल्याचा एक थर, त्यावर सुक्या पानांचा एक. अधूनमधून काठीने खालीवर करायचं, म्हणजे हवा खेळती राहते. काही महिन्यांत त्याची काळीभोर माती होते, हातात घेतली तर सोडवत नाही. हेच सगळं पिशवीत कोंबून ढिगावर फेकलं की हवेवाचून सडतं आणि त्यातून मिथेन निघतो. आपण सारखं ज्याच्या नावाने ओरडतो त्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा तो कितीतरी जास्त तापवतो हे जग. मी हे ऐकीव सांगत नाही. वाचलंय आणि दोन ठिकाणी ताडून बघितलंय. शिंपीण आहे मी, माप घेतल्याशिवाय कात्री चालवत नाही.

आता वास आला होता का? आला होता. खोटं कशाला बोलू? सुकी पानं संपली आणि टेबलाखाली चिंध्यांचा ढीग पडलेला. म्हटलं, कापड तरी कुठे ओलं असतं! दिली सगळी कतरण ड्रमात लोटून. तुमच्या पडद्यांची उरलेलीसुद्धा, ते जांभळ्यावरचे हिरवे पोपट. त्या कापडाने थेंबभर पाणी शोषलं असेल तर शपथ! ड्रमात चिखल झाला, भोकातून ओघळला, आणि गच्चीखाली राहणाऱ्या अध्यक्षांच्या दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कोटावर नेमका पडला. हे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. दात-ओठ कसे खातात ते त्या दिवशी मी फुकटात बघितलं.

कोट मी धुऊन, इस्त्री करून परत दिला. चूक माझी होती, मी निस्तरली. पण म्हणून ड्रमच नकोत? शिवण उसवली म्हणून कोणी सदरा जाळतं का?

बंधुराज तुमच्याखेरीज कोणाचं ऐकत नाहीत. चार ओळी खरमरीत लिहा त्यांना. फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू जाईपर्यंत ओरडले असते तर आख्ख्या बिल्डिंगने ऐकलं असतं.

ड्रम हलणार नाहीत. कळावे. (मलाही लिहिता येतं.)

तुमची वहिनी


९ फेब्रुवारी

वहिनी,

"नोटीस आहे, वाढू?" वाचून इतकी हसले की ठसका लागला. तू काही सुधारायची नाहीस.

धाकट्याचं म्हणशील तर तो पहिल्यापासून तसाच. आई रागावली की बाकीची पोरं पळून जायची, हा आपण होऊन कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा. आई विसरून जायची, हा ठोंब्या संध्याकाळपर्यंत तिथेच. नियम म्हणजे नियम. आता अशा माणसाला सेक्रेटरी कोणी केला? तुम्हीच ना?

पण मी मध्ये पडणार नाही. नवरा-बायकोच्या भांडणात जो पडतो त्याला दोन्हीकडून बोलणी बसतात. तुमचं तुम्ही बघा.

आणि काय गं शहाणे, ड्रमात पोपट टाकलेस? पडदे पाठवलेस तेव्हा चिठ्ठीत काय लिहिलं होतंस? "ताई, इस्त्री नको, रंग जायचा नाही, जन्मभर टिकेल." जन्मभर टिकणारं कापड कुजायला घालतेस? ती कतरण आधी बाहेर काढ. गल्लीतल्या सुताराला सांगितलंय, तो फर्निचर पोचवायला तुमच्याकडे टेंपो घेऊन येतो, येताना भुशाची पोती टाकेल. साध्या लाकडाचा भुसा घे. प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो. ओल्यावर मूठ मूठ पसर, वास बसेल.

बाकी कचरा या विषयावर मला लिहू नकोस. डोकं उठतं माझं. वास आला की लोक चिडणारच. वास म्हणजे काय ते तू मला सांगू नयेस.

पडदे छान बसलेत. दिवसभर लावूनच ठेवते. हवा बदलली की घसा धरतो, एवढंच. काळजी नसावी.

ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

भुसा मिळाला. सुतार भला माणूस, पोती गच्चीपर्यंत चढवून दिली. मी हातमोजे घालून सगळी कतरण उपसली, पिशवीत बांधली आणि खाली कचऱ्याच्या पेटीत टाकली. मग भुसा घातला, ढवळलं, पुन्हा घातला. आठवड्यात वास असा गेला की मी मुद्दाम अध्यक्षांना गच्चीवर बोलावलं. म्हटलं, "घ्या वास." त्यांनी नाक खुपसलं, काही सापडेना, तर म्हणाले, "वास नाही हे मान्य. पण नोटीस निघालेली आहे."

म्हणजे आग विझली तरी बंब पाणी मारणारच!

खरं कारण वेगळंच आहे. गच्चीला नवा रंग द्यायचाय, टेबलं-खुर्च्या मांडायच्यात, तिथे माझे ड्रम शोभत नाहीत. मी विचारलं, मग हे सगळं टाकायचं कुठे? तर म्हणे, "वहिनी, आपण कर भरतो. गाडी येते, घेऊन जाते, विषय संपला." आणि मागे उभे असलेले तुमचे बंधुराज मान हलवून म्हणतात, "विषय संपला."

घेऊन जाते म्हणजे कुठे घेऊन जाते हो? मी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "बाहेर." बाहेर म्हणजे कुठे? "शहराबाहेर." जणू काही शहराबाहेर पृथ्वी संपते आणि कचरा खाली पडतो!

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, "तुम्हाला एवढंही विचारावंसं वाटलं नाही?" तर म्हणतात, "सभेत विचार. सभेत प्रश्न विचारण्याची सोय आहे." ताई, मी उशी फेकून मारली.

आणि खरं सांगू? तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं. मी तुमच्याकडे हक्काने आले होते. "वास आला की लोक चिडणारच" असं म्हणून तुम्ही मोकळ्या झालात. रक्ताचं ते रक्ताचं, हे मी समजायला हवं होतं. ज्या पडद्यांसाठी मी रात्रीचा दिवस केला, ते मापात बसले एवढं ऐकायला मिळालं, त्यातच समाधान मानते. कापड बेतताना दुसरं टोक धरून तुमचा भाऊच उभा होता आणि म्हणत होता, "इतके भडक पोपट कोण लावेल?" मी म्हटलं होतं, "ताई लावतील. ताईंना कशाची भीती नाही."

असो. सभा महिनाअखेरीस आहे, पुढच्या महिन्याच्या. मी एकटी पुरून उरेन. ड्रम उचलायला आले तर ड्रमावर बसेन. मला उचलून दाखवा म्हणावं.

वहिनी


१५ मार्च

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. रुसले म्हणून नव्हे. मी दवाखान्यात होते. आता घरी आहे, ठणठणीत आहे, तेव्हा पत्र हातात धरून रडत बसू नकोस, नीट वाच.

तू विचारलंस ना, बाहेर म्हणजे कुठे? बाहेर म्हणजे इथे.

आमच्या गल्लीच्या टोकाला जुनी खडीची खाण होती, तुला आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी तिच्यात गाड्या रिकाम्या व्हायला लागल्या. आधी खड्डा भरला, मग ढीग झाला, आता माझ्या माडीच्या खिडकीतून समोर दुसरं काही दिसत नाही. तुझ्या त्या मिथेनची मला ओळख करून द्यायला नको, वहिनी. आतल्या आत सडतं, गॅस धरतो आणि एखाद्या दुपारी ढीग आपोआप धुमसायला लागतो. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात तो पेटला. पाणी मारलं तर वरून विझतो, आतून नाही. खिडक्या लावल्या, पडदे लावले, दाराखाली ओली फडकी कोंबली. तरी चौथ्या दिवशी श्वासच घेता येईना. सुताराने टेंपोत घालून नेलं म्हणून आज लिहितेय.

आता तुझ्या कानात सांगते. धाकट्याला हे कळता कामा नये. कळलं की तो पहिल्या गाडीने येईल, मला बोचक्यात बांधून तुमच्या हॉलमध्ये आणून ठेवेल आणि हे घर विकायला काढेल. मला यायचं नाही. हे घर मी बांधलंय, एकेक वीट पाठीवर हात फिरवावा तशी ओळखते मी. मी कशाला जाऊ? म्हणून कचऱ्याचं लिहू नकोस म्हटलं होतं. तू लिहीत गेलीस तर मीही लिहून बसले असते. भावाची बाजू घेतली म्हणालीस, ते वाचून मात्र हसू आलं. त्याची बाजू घ्यायला त्याला बाजू आहे कुठे?

आणखी एक. दवाखान्यातून आले त्या दिवशी गल्लीच्या वळणावर एका गाडीतून पिशवी पडून फुटलेली होती. सुतार मला हाताला धरून उतरवत होता आणि मी जागच्या जागी थांबले. मातीत, सालींच्या चिखलात, हिरवे पोपट. जांभळ्यावर. मी वर बघितलं तर माझ्या खिडकीत तेच पोपट लटकलेले, खाली रस्त्यात तेच पोपट पडलेले. तू माझ्यासाठी पडदे शिवलेस धूर आत येऊ नये म्हणून (तुला माहीत नव्हतं, पण मी मागवले होते त्याचसाठी) आणि उरलेलं कापड माझ्याच दारात येऊन पडलं.

राग आला. तुझा नाही, म्हणजे तुझाही आलाच. मग हसले. मग पुन्हा राग आला, तो अजून गेलेला नाही. एक तुकडा सोबत पाठवतेय. धुतलेला नाही.

ते ड्रम हलवलेस तर माझ्याशी गाठ आहे. आणि माझ्या आजाराचं सभेत बोललीस तरी माझ्याशीच गाठ आहे. शपथ आहे तुला.

ताई


३० मार्च

ताई,

तुमचं पत्र मी शिलाईच्या मशीनवर डोकं टेकून वाचलं. तुम्ही म्हणालात रडू नकोस. रडले. मग तो तुकडा नाकाला लावला आणि रडणं थांबलं. लाजच वाटली. कतरण पिशवीत बांधून पेटीत टाकली तेव्हा मीही हात झटकलेच की! मीही मनात म्हटलंच होतं, विषय संपला.

आता सभेचं ऐका. तुमची शपथ मी मोडलेली नाही, हे आधीच सांगते.

सगळे खाली पार्किंगमध्ये जमले होते, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. बंधुराज टेबलाशी इतिवृत्त लिहायला बसलेले, पेनाला टोपण नाही तरी दोनदा उघडून झालेलं. गच्चीचा विषय निघाला. अध्यक्ष उठले आणि तेच तुणतुणं: कर भरतो, गाडी येते, घेऊन जाते, विषय संपला. टाळ्याही पडल्या थोड्या.

मी उठले आणि तो तुकडा टेबलावर ठेवला. म्हटलं, "ही कतरण गेल्या महिन्यात मी आपल्या पेटीत टाकली होती. गाडीने नेली. विषय संपला होता. तो विषय टपालाने परत आलाय."

अध्यक्ष म्हणाले, "कुठून?"

"तुमच्या बाहेरून. तिथे माणसं राहतात. आपल्या साली आणि आपलं शिळं त्यांच्या दारात सडतं, गॅस धरतं, पेटतं. ती माणसं खिडक्या बंद करून बसलीत. आणि आपल्याला गच्चीवर खुर्च्या मांडायच्यात, हवा खायला!"

कोणीतरी मागून म्हणालं, "आपल्या एका बिल्डिंगने काय होणार?" मी म्हटलं, "आपल्या एका पिशवीने एका दारात घाण झाली, ते झालंच की! मग एका ड्रमाने तेवढी कमी होईल. हिशेब दोन्हीकडून सारखा धरा."

तेवढ्यात बंधुराजांनी तो तुकडा उचलला. उलटा केला, सुलटा केला. मग नाकाशी नेला. ताई, मी त्यांचा चेहरा इतक्या वर्षांत असा बघितला नव्हता. हळूच म्हणाले, "याला धुराचा वास येतोय." मग माझ्याकडे बघून, "हे आपल्या ताईचे पोपट आहेत ना? कुठे मिळालं हे?"

मी तोंड उघडलं नाही. पण डोळ्यांना कोण आवरणार? मी काही सांगितलं नाही, ताई. पोपटांनीच सांगितलं.

मतदान झालं. हरले मी. गच्चीवरून ड्रम हलवायचे, बहुमताने मंजूर. अध्यक्ष म्हणाले, "सेक्रेटरी, नोंद करा." ह्यांनी नोंद केली, अक्षर न् अक्षर, सहीसुद्धा केली. मग पेन खाली ठेवून उभे राहिले आणि विचारलं, "गच्चीवर ठेवायचे नाहीत, हे ठरलं. घरात ठेवायला कुठला नियम आड येतो?"

अध्यक्ष चाचरले. "घरात... घरात तसा नाही. पण—"

"मग नाही," हे म्हणाले आणि जिना चढायला लागले. सगळी सभा मागोमाग. आयुष्यात ज्यांनी पाण्याची कळशी उचलली नाही त्यांनी भरलेला ड्रम पोटाशी धरला आणि एकेक पायरी खाली उतरवला. पांढऱ्या शर्टाला काळी माती. मी दुसऱ्या बाजूने धरायला गेले तर म्हणाले, "तू दार उघड." पहिला ड्रम गॅलरीत, जिथे त्यांची आरामखुर्ची होती तिथे. दुसरा स्वयंपाकघराच्या दाराशी. तिसरा उचलायला गेले तेव्हा तो खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आधीच आपल्या दाराकडे ओढायला घेतला होता. म्हणाल्या, "आमच्याकडे राहू दे. घरात बंदी नाही ना?" आता आणखी दोन घरांनी रिकामे डबे मागितलेत. गच्ची एक होती, तिच्यावर ठराव करता आला. आता घरोघर ठराव करा म्हणावं!

अध्यक्षांनी उतरताना विचारलं, "भुसा कुठे मिळतो?" मी म्हटलं, "बाहेर."

बंधुराज काल पहाटेच्या गाडीने निघालेत. पिशवीत दोन शर्ट आणि एक बोचकं, माझ्या ड्रमातल्या मातीचं. हे पत्र मिळेपर्यंत पोचलेही असतील, तुम्हाला आणायला. मी त्यांना अडवलं नाही, कारण तुम्हीच अडवाल हे मला माहीत आहे. पण त्यांना लगेच परत पाठवू नका. जरा खिडकी उघडून बसवा.

तुमची वहिनी


८ एप्रिल

वहिनी,

आला तुझा नवरा. दारातच म्हणाला, "चल, सामान बांध." मी म्हटलं, "जागा बदलायची असेल तर ढिगाने बदलावी. तो माझ्यानंतर आलाय."

खूप भांडलो. कोपऱ्यात उभा राहणारा तो पोरगा मला ओरडला, मी त्याला दुप्पट ओरडले. खोकला आला तर पाठ चोळता चोळता ओरडत होता. मग तुझं पत्र आलं, तू सांगितलंस तसं केलं, खिडकी उघडली, पोपट बाजूला सारले आणि त्याला स्टुलावर बसवलं. दिवसभर बसला होता. गाड्या येत होत्या, ओतत होत्या, जात होत्या. एकदा म्हणाला, "ताई, मी विषय संपला म्हणायचो गं." मी म्हटलं, "माहीत आहे. इथे रोज ऐकू येतं." त्यावर रडला. त्याला रडताना मी बाबा गेले तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर आता.

संध्याकाळी कोरे कागद मागितले. म्हणाला, "मला दुसरं काही येत नाही, ताई. नोटीस येते." आणि बसला लिहायला, तीच लफ्फेदार सही सोडून सगळं. सही माझी, खाली सुताराची, गल्लीतल्या घरोघरची. एक प्रत गाड्या पाठवणाऱ्या कार्यालयाला गेली. बाकीच्या घेऊन तो उद्या निघतोय. तुमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक पत्रपेटीत एकेक पडेल, मग शेजारच्या, मग पुढच्या. जिने उतरायची त्याला सवय आहे.

मी इथेच आहे. तुझ्या मातीत मागच्या दाराशी मिरचीचं बी टाकलंय. धूर आहे, पण मीही आहे, आणि धुरापेक्षा मी चिवट आहे.

तुझ्याही पेटीत नोटीस येईल. तुला सूट नाही. पोपट तुझे होते. मजकूर आत्ताच वाचून ठेव:

"आपण आमच्या दारात ठेवलेल्या वस्तूंमुळे दुर्गंधी पसरत असून रहिवाशांना श्वास घेणे कठीण झाले आहे. तरी आपल्या साली, देठे व शिळे अन्न आजपासून आपापल्या घरी जिरवावे, अन्यथा ते आपल्या दारी परत आणून देण्यात येईल. विषय संपलेला नाही. कळावे."

ताई